‘पाऊस पडल्यामुळे’ क्लॉज की फ्रेज? सोलापुरातल्या एका वहीचं प्रकरण

मागच्या ऑगस्टमध्ये बारावी कॉमर्सच्या बॅचला मी वीस वाक्यांचा एक कागद दिला. प्रत्येक वाक्यातला एक तुकडा अधोरेखित होता. तो ॲडव्हर्ब क्लॉज आहे की ॲडव्हर्बियल फ्रेज, एवढंच लिहायचं होतं. मराठीच्या तासाच्या भाषेत, क्रियाविशेषण उपवाक्य की पदबंध. उपवाक्यात स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असतं, पदबंधात नसतं. क्लासात मात्र सगळे क्लॉज-फ्रेजच म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द वापरतो.

एका मुलीची अकरा उत्तरं चुकली. डोळे मिटून चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी यापेक्षा बरं जमलं असतं. आणि ही बॅचमधली कच्ची मुलगी नव्हे. हिचे मराठी निबंध मी बाकीच्यांना वाचून दाखवतो. अकाउंट्समध्ये ती पहिल्या तिघांत. म्हणून कागद बाजूला ठेवायच्या ऐवजी रात्री पुन्हा घेऊन बसलो.

तेव्हा दिसलं की चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नाहीत. कागदात आठ फ्रेज होत्या, त्या आठही बरोबर. बारा क्लॉज होते, त्यांतल्या अकरांना तिने फ्रेज म्हटलं होतं. चूक एकाच दिशेची. न कळणारं पोर दोन्हीकडे सारखंच चुकतं. एकाच बाजूला अकरा वेळा जाणाऱ्याकडे काहीतरी नियम असतो, आणि तो नियमच चुकीचा असतो.

पेन्सिलच्या खुणा

तिची थोडी माहिती द्यायला हवी, ओळख पटणार नाही एवढीच. घर पूर्व भागात. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठी मिसळलेलं, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे कागदोपत्री तिचं इंग्रजी अकरा-बारा वर्षांचं. प्रत्यक्षात इंग्रजी ही तिच्यासाठी फळ्यावरची भाषा. तोंडातली नव्हे.

दुसऱ्या दिवशी तिला वही घेऊन थांबवलं. काहीच विचारलं नाही, नुसती वही मागितली. कागदावर उत्तरं लिहिण्याआधी तिने तीच वाक्यं वहीत उतरवून घेतली होती, आणि प्रत्येक ओळीच्या वर काहीतरी खोडलेलं होतं. पेन्सिलने लिहून खोडरबराने पुसलेलं. ट्यूबलाइटखाली वही तिरकी धरली तर अक्षरं उमटलेली दिसत होती.

‘वी स्टेड ॲट होम बिकॉज इट रेन्ड.’ या ओळीच्या वर पुसलेलं होतं : पाऊस पडल्यामुळे.

‘ऑल्दो ही वॉज पुअर, ही हेल्प्ड अस.’ वर : गरीब असूनही.

‘ॲज सून ॲज द ट्रेन स्टॉप्ड ॲट कुर्डुवाडी, ही गॉट डाउन.’ वर : गाडी थांबताच.

‘पुट इट व्हेअर यू फाउंड इट.’ वर : सापडलेल्या जागी.

‘शी इज टॉलर दॅन हर सिस्टर इज.’ वर : बहिणीपेक्षा.

मी वही खाली ठेवली. भाषांतरात एकही चूक नव्हती. उलट इतकं सुबक मराठी बारावीच्या पोरांकडून मिळत नाही. आणि तिथेच सगळं हुकत होतं. ‘बिकॉज इट रेन्ड’मध्ये कर्ता आहे, काळ असलेलं क्रियापद आहे, म्हणून तो क्लॉज. पण ‘पाऊस पडल्यामुळे’ म्हटलं की पडणं हे क्रियापद ‘पडल्या’ एवढं आकसतं, त्याला ‘मुळे’ चिकटतो, आणि उरतं ते पदबंधासारखं दिसणारं काहीतरी. ‘असूनही’चं तेच, ‘थांबताच’चंही तेच. ‘पेक्षा’ची तर कमालच आहे. इंग्रजीत ज्याला कर्ता-क्रियापदासह आख्खं उपवाक्य लागतं, ते मराठी एका शब्दाच्या शेपटीत बसवते.

मुलगी इंग्रजी वाक्याचं मराठी करत होती आणि मग मराठी वाक्याला क्लॉज की फ्रेज हे विचारत होती. मराठी तिला खरं उत्तर देत होती. फक्त ते मराठीबद्दलचं उत्तर होतं.

“हे का पुसलंस गं?”

“शाळेत सांगितलेलं सर, इंग्लिशच्या वहीत मराठी लिहायचं नाही म्हणून.”

म्हणजे भाषांतर थांबलं नव्हतं, फक्त दिसेनासं झालं होतं. शिक्षकाच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही.

बारावा क्लॉज बरोबर कसा आला, याचाही उलगडा त्याच पानावर झाला. वाक्य होतं : ‘इफ आय वेअर यू, आय वुड टेक ॲडमिशन इन पुणे.’ वर पुसलेलं : मी तुझ्या जागी असते तर. इथे मराठीतही कर्ता आहे, क्रियापद सरळ उभं आहे. तिला क्लॉज दिसला, तिने क्लॉज लिहिलं. जर-तरची वाक्यं मराठी सहसा मोडत नाही, तशीच ठेवते.

मग दुसरं ‘इफ’ का चुकलं? ‘इफ इट रेन्स, द मॅच विल स्टॉप.’ खोडलेली अक्षरं मला लागेनात. पाऊस दिसेना, तर दिसेना. शेवटी तिलाच विचारलं. ती लाजली. “ते तेलुगूत लिहिलंय सर. वान पडिते.”

वान म्हणजे पाऊस. ‘पडिते’ म्हणजे पडला तर. वेगळा ‘जर’ नाही, वेगळा ‘तर’ नाही, काळही नाही. क्रियापदाच्या शेवटी ‘ते’ लावला की अट झाली. मी तिला आणखी बोलायला लावलं. पाऊस पडल्यानंतर? वान पडिनंक. पडला तरी? वान पडिना. पडला तेव्हा? वान पडिनप्पुडु. मी फळ्यावर लिहीत गेलो, आणि बॅचमधली आणखी चार-पाच तेलुगू पोरं मागून दुरुस्त्या सांगू लागली. तेलुगू, कन्नड या द्रविड भाषांची ही खोडच आहे. वाक्यात काळ दाखवणारं पूर्ण क्रियापद शक्यतो एकच, शेवटचं. बाकीची क्रियापदं त्याच्यापुढे मान झुकवून उभी. मराठी इंडो-आर्यन असली तरी ‘ऊन’, ‘ताना’, ‘ल्यावर’, ‘ल्यामुळे’ यांचा सढळ वापर करून निम्म्या वाटेवर तशीच वागते. इंग्रजी बरोबर उलट. तिला आफ्टर, बिकॉज, ऑल्दो यांच्या मागे पुन्हा एक कर्ता आणि पुन्हा एक काळाचं क्रियापद मांडायला आवडतं.

सोलापुरात तीन-चार भाषा ऐकत मोठं झालेलं पोर इंग्रजीला घाबरतं याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मला आता वाटत नाही.

माझी युक्ती आणि तिचा उलटा परिणाम

आता माझी चूक. कारण कळलं, तरी उपाय म्हणून मी तीच जुनी युक्ती काढली जी या गावातले निम्मे क्लासवाले शिकवतात : जोडशब्द दिसला की क्लॉज. बिकॉज, व्हेन, इफ, ऑल्दो, आफ्टर, बिफोर, सिन्स, टिल यांची यादी पाठ कर, वाक्यात दिसला की डोळे झाकून क्लॉज लिही.

तिने पाठ केली. पुढच्या कागदात चुका कमी झाल्या खऱ्या, पण सगळ्या उलट्या दिशेला गेल्या. ‘आफ्टर द गड्डा यात्रा’ क्लॉज. ‘बिफोर सनसेट’ क्लॉज. ‘सिन्स मंडे’ क्लॉज. ‘बिकॉज ऑफ द हीट’ सुद्धा क्लॉज, कारण बिकॉज दिसला!

यात तिचा दोष शून्य. आफ्टर, बिफोर, सिन्स, टिल हे शब्द दोन्ही घरचे आहेत. मागे नाम आलं की शब्दयोगी अव्ययासारखे वागतात, मागे आख्खं वाक्य आलं की उभयान्वयीसारखे. ‘आफ्टर द अपरायझिंग ऑफ मे १९३०’ ही फ्रेज. ‘आफ्टर द पीपल रोझ इन मे १९३०’ हा क्लॉज. घटना तीच, सोलापुरात मार्शल लॉ लागला तोच, शब्दही जवळजवळ तेच. फरक एवढाच की दुसऱ्यात लोक उठतात आणि पहिल्यात उठाव असतो. यादीच्या युक्तीला हा फरक दिसतच नाही, कारण ती पहिल्या शब्दापाशी थांबते.

मधे एक दिवस मी ताण्याबाण्याची उपमाही देऊन बघितली. वडील मागावर आहेत, म्हटलं, कर्ता हा ताणा, क्रियापद हा बाणा, दोन्ही असले तरच कापड. ती मान हलवून हसली, शिक्षकाचं मन राखायला हसतात तशी. पुढच्या वाक्याला पुन्हा अडली. माग तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. प्रश्न क्रियापद ओळखण्याचा होता, आणि तो उपमेने सुटत नाही.

सुटला तो असा. तिला सांगितलं, वाक्याचं भाषांतर करू नकोस, वाक्याला ‘उद्या’ लावून बघ. मुख्य क्रियापदाचा काळ बदल, आणि अधोरेखित तुकड्याला काही होतंय का ते पाहा.

‘ही वेंट होम आफ्टर ही फिनिश्ड द वर्क.’ उद्यावर ने : ‘ही विल गो होम आफ्टर ही फिनिशेस द वर्क.’ फिनिश्डचं फिनिशेस झालं. तुकडा हलला. म्हणजे त्यात जिवंत क्रियापद आहे. क्लॉज.

‘ही वेंट होम आफ्टर फिनिशिंग द वर्क.’ उद्यावर ने : ‘ही विल गो होम आफ्टर फिनिशिंग द वर्क.’ फिनिशिंग जागचं हललं नाही. फ्रेज.

‘बिकॉज ऑफ द रेन’ काल, आज, उद्या तेच. ‘एव्हरी मॉर्निंग’ तेच. ‘ही केम टू बाय बुक्स’मधलं ‘टू बाय बुक्स’ तेच. पण ‘सो दॅट ही कुड बाय बुक्स’ उद्यावर नेलं की कुडचं कॅन होतं. इथे मराठीचा काही उपयोग नाही, कारण ‘पुस्तकं घ्यायला’ आणि ‘पुस्तकं घेता यावीत म्हणून’ या दोघांत काळ शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

ही कसोटी तिला पटली, कारण ती पूर्ण इंग्रजीच्या आत राहते. वाक्य स्वतःच उत्तर देतं. दोन आठवड्यांत ती पेन्सिलने भाषांतर लिहायच्या ऐवजी ओळीखाली दुसरी, उद्याची ओळ लिहू लागली. क्लॉज-फ्रेजच्या चुका जवळपास संपल्या.

जवळपास. ‘व्हेन टायर्ड, ही स्लीप्स ऑन द टेरेस.’ काळ बदला, ‘व्हेन टायर्ड’ ढिम्म. कसोटी म्हणते फ्रेज. पण शाळेचं व्याकरण याला क्लॉजच धरतं, मधले ‘ही इज’ हे शब्द गाळलेला क्लॉज. ‘इफ पॉसिबल’ तसाच, मधलं ‘इट इज’ गेलेलं. ‘व्हाइल वेटिंग फॉर द बस’ही तसाच. हे सांगायला एक आधार हाताशी होता. व्हेन, व्हाइल, इफ, दो हे शब्द नामाला शब्दयोगी अव्ययासारखे लागत नाहीत. ‘व्हाइल द बस’ असं कोणी म्हणत नाही. तेव्हा त्यांच्या मागे काही कमी दिसलं तर ते गाळलेलं समज, भरून बघ. आफ्टर आणि बिफोर यांच्या मागे नाम चालतं, म्हणून ‘आफ्टर फिनिशिंग’मध्ये गाळलेलं काही शोधायला जायचं नाही.

एवढं झाल्यावर तिचा मावसभाऊ मधे आला. तो फार्मसीला आहे, पुण्याला. फोनवर त्याने तिला छातीठोक सांगितलं की ‘आफ्टर फिनिशिंग द वर्क’ हाही क्लॉजच, नॉन-फायनाइट क्लॉज, तुझ्या सरांना माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती जरा घुटमळतच आली.

मावसभाऊ खोटं बोलत नव्हता. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५ चं मोठं इंग्रजी व्याकरण अशा रचनांना क्लॉजच म्हणतं, फक्त काळाचं क्रियापद नसलेला. विद्यापीठात भाषाविज्ञान शिकायला गेलं की हेच शिकवतात, आणि मला स्वतःला ते जास्त पटतं. पण बारावीच्या पेपरात ‘कॉम्प्लेक्स वाक्य सिम्पल करा’ असा प्रश्न येतो, तिथे ‘आफ्टर ही फिनिश्ड’चं ‘आफ्टर फिनिशिंग’ करूनच आपण वाक्य सिम्पल करतो. सिम्पल वाक्यात क्लॉज एकच असतो, म्हणून ते जर क्लॉज असेल तर वाक्य सिम्पल झालंच नाही आणि प्रश्नच निरर्थक ठरला. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने जुनी व्याख्या धरली आहे हे प्रश्नातूनच कळतं. तिला म्हटलं, दोन पद्धती आहेत, दोन्ही नीट आहेत, पेपरात पहिली लिही, भावाला सांग दुसरीही कळली. हे ऐकून ती मनापासून खूश झाली. भावाला फोन करायला निमित्त मिळालं असावं.

पाणी सुटलं की

ओळखण्याचा प्रश्न सुटला तरी लिहिण्याचा उरतो, आणि माझ्या मते खरा तोच. ८० गुणांच्या लेखी पेपरात क्लॉज ओळखण्याला किती गुण असणार? पत्र, रिपोर्ट, मुलाखत लिहिताना मात्र दर दुसऱ्या वाक्यात क्लॉज लागतो. तिला ‘आमच्या घरची सकाळ’ यावर दहा ओळी लिहायला दिल्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे सकाळ म्हटलं की पाणी आलंच. तिने लिहिलं :

‘बिकॉज वॉटर डझ नॉट कम डेली, सो वी फिल एव्हरी पॉट. व्हेन वॉटर विल कम, देन माय मदर विल वेक मी. ऑल्दो आय ॲम स्लीपी, बट आय गेट अप.’

तीन वाक्यं, तिन्हींत एकच दुखणं, आणि हे फक्त तिचं नाही. बॅचमधल्या मराठी घरच्या पोरांचंही अगदी असंच. मराठीत उपवाक्याला जोडीदार लागतो. जेव्हा–तेव्हा, जरी–तरी, जर–तर, जिथे–तिथे, जसं–तसं. एक दार उघडलं की दुसरं लावावं लागतं, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत एकाच टोकाला खुंटी. ऑल्दो असेल तर बट नको. बिकॉज असेल तर सो नको. दोन्ही घातले की दोन्ही वाक्यं गौण झाल्यासारखी होतात आणि मुख्य वाक्य कोणतं ते कळत नाही. ‘इफ–देन’ तेवढं चालतं, म्हणून पोरांचा आणखी गोंधळ.

यात एक गंमत बघा. बॅचमधला एक मुलगा सगळं शब्दाला शब्द लावून भाषांतर करतो. ‘जरी तो गरीब होता तरी त्याने आम्हाला मदत केली.’ असं मराठी घरात कोणी बोलत नाही. पण या लाकडी मराठीमुळे त्याला क्लॉज लगेच दिसतो, आणि पहिल्या कागदात त्याच्या दोनच चुका होत्या. हाच मुलगा लिहायला बसला की प्रत्येक ऑल्दोला बट लावतो, कारण त्याचा ‘तरी’ अजून हातात असतो. मुलगी ओळखताना अडली, मुलगा लिहिताना. आधी मी दोघांना दोन वेगवेगळे उपाय करत होतो.

मधल्या वाक्यातलं ‘विल’ हे वेगळं प्रकरण. इंग्रजीत व्हेन, इफ, टिल, ॲज सून ॲज यांच्या वेळेच्या किंवा अटीच्या उपवाक्यात पुढची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळ : ‘व्हेन वॉटर कम्स, माय मदर विल वेक मी.’ हा नियम मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पोरं ‘विल’ घालतात. या वेळी तिला विचारलं, हेच मराठीत कसं म्हणशील? “पाणी येईल तेव्हा आई उठवेल.” बरोबर, येईल म्हणजे भविष्य, म्हणून विल आलं. आता घरी बोलतेस तसं म्हण. “पाणी सुटलं की आई उठवते.” सुटलं! भूतकाळ. उद्या सुटणाऱ्या पाण्याला आपण सरळ ‘सुटलं’ म्हणतो. ‘पाऊस पडला तर मॅच थांबेल’ मधला ‘पडला’ही तोच. तेलुगूत ‘नीळ्ळु वस्ते’ म्हटलं की काळच नाही.

तिला हे फार आवडलं. म्हणाली, “म्हणजे उद्याचं पाणी मराठीत येऊन गेलेलं, तेलुगूत काळच नाही, आणि इंग्लिशमध्ये आत्ता येतंय.” मी नियम म्हणून वीस वेळा सांगितला असता तरी हे वाक्य तिच्या तोंडून आलं नसतं. त्यानंतर तिच्या वहीत व्हेनमागे विल मला पुन्हा दिसलेलं नाही. बट मात्र अधूनमधून डोकावतो, विशेषतः वाक्य लांबलं की.

अडलंय ते ‘की’पाशी. ‘पाणी सुटलं की’ मधला की वेळेचा. ‘इतकी गर्दी होती की आत जाता आलं नाही’ मधला की परिणामाचा, तिथे इंग्रजीत सो आणि दॅट. ‘तो म्हणाला की येतो’ मधला की तर क्रियाविशेषणाचा नाहीच, ते नाम-उपवाक्य. मराठीत एकच अक्षर आणि इंग्रजीत तीन वाटा. उद्या लावायची कसोटी इथे उपयोगी नाही, कारण तिन्ही क्लॉजच आहेत. तिथे क्रियापदाला प्रश्न विचारावा लागतो : कधी? किती? की काय? काय म्हणाला, याचं उत्तर मिळालं तर ते नाम-उपवाक्य. तीच गत व्हेअरची. ‘आय लिव्ह व्हेअर ही लिव्ज’ यात कुठे राहतो याचं उत्तर, म्हणून क्रियाविशेषण. ‘आय नो व्हेअर ही लिव्ज’ यात काय माहीत आहे याचं उत्तर, म्हणून नाम. हे तिला निम्म्या वेळा जमतं. कॉलेजची पूर्वपरीक्षा तोंडावर असताना मी ते अर्धवट सोडलं, कारण अकाउंट्सचा अभ्यास तिला जास्त गुण देणार होता आणि ते तिनेच मला सांगितलं.

जूनच्या नव्या बॅचला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय, ओळीच्या वर मराठी लिहा, तेलुगू लिहा, कन्नड लिहा, पण पुसू नका. मला ते वाचायचं असतं. गेल्या आठवड्यात एका मुलाने ‘अनटिल’च्या वर दख्खनी उर्दूत काहीतरी लिहून आणलंय. ते कळायला मला शेजारच्या दुकानात जाऊन विचारावं लागणार आहे.